चार कोअरची हजेरी

मी पुण्याची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या स्वभावाबद्दल जे काही येईल त्याला तेवढं कारण पुरेसं आहे, असं माझ्या सासरची माणसं मानतात. लग्न होऊन हैदराबादला आले, नारायणगुड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहू लागले आणि वर्षभरात घरातल्यांच्या लक्षात आलं की या बाईला तिची चूक दाखवायची असेल तर जेवणं झाल्यावर दाखवावी. रिकाम्या पोटी ती ऐकून घेत नाही. भरल्या पोटी फार ऐकते असंही नाही, पण निदान भांडी आपटत नाही.

मी एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. नोकरी सांभाळून विद्यापीठात पीएचडी करत होते आणि ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा तिचं सहावं वर्ष चालू होतं. कॉलेजनं आम्हाला लेखी कळवलं होतं की पुढच्या जूनपर्यंत ज्यांच्या हातात पदवी नसेल त्यांना कायम पदावरून कंत्राटी पदावर घेतलं जाईल. म्हणजे काम तेच, तास तेवढेच, फक्त दरवर्षी नव्यानं अर्ज करायचा आणि मुलाखतीसाठी कालपरवा पास झालेल्या पोरापोरींच्या रांगेत खुर्चीवर बसायचं. मला ते बसणं नको होतं. बारा वर्षं शिकवल्यावर कोणालाच नको असतं.

माझा विषय प्रोसेसरची रचना. हल्लीच्या प्रोसेसरमध्ये एक नाही, अनेक कोअर असतात; एकाच चिपवर बसून काम करणारे चार जण म्हणा. प्रत्येकाची स्वतःची थोडी जागा असते, शिवाय सगळ्यांत मिळून एक सामाईक जागा असते. तिला कॅश म्हणतात. हाताशी लागणारी माहिती तिथे ठेवली की काम भराभर होतं. पण जागा सामाईक झाली की जो दांडगा तो ती बळकावतो. चौघांत ही जागा कशी वाटावी, कोणाला केव्हा किती द्यावी, याची एक रीत मी सुचवली होती. तेवढंच माझं संशोधन. घरी पाहुण्यांनी विचारलं तर मी 'फ्रिजमध्ये कोणाचा डबा कुठे ठेवायचा ते ठरवते' असं सांगायचे आणि पाहुणे समाधानानं मान हलवायचे.

अशी रीत तपासायला खरी चिप बनवणं आमच्यासारख्यांना जन्मात परवडायचं नाही. म्हणून सिम्युलेटर असतो. तो नुसता एक प्रोग्रॅम, पण तो आपण अख्खा संगणक असल्याचं सोंग मन लावून वठवतो. किती कोअर हवेत, कॅश केवढी हवी, ते आपण सांगायचं. मग त्या काल्पनिक यंत्रावर लिनक्स ही खरीखुरी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची, ती पहिल्यापासून उठवायची आणि तिच्यात आपले प्रोग्रॅम चालवून मोजमाप घ्यायचं. अख्खी यंत्रणा अशी चालवण्याला फुल सिस्टिम सिम्युलेशन म्हणतात. यात एकच अडचण, वेळ. आपला लॅपटॉप अर्ध्या मिनिटात उठतो. सिम्युलेटरमधलं यंत्र उठायला अख्खी सकाळ जाते. एकदा उठलं की त्या क्षणाची प्रत काढून ठेवायची, तिला चेकपॉइंट म्हणतात. मग मोजमापाच्या वेळी त्या प्रतीपासून पुढे चालता येतं. पण यंत्रात काही बदललं की पुन्हा पहिल्यापासून उठवणं आलं.

हे सगळं उभं करायला कोणी बसून शिकवत नाही. आमच्या लॅबमध्ये एक डिस्कची प्रत होती आणि तिला उठवणारी एक स्क्रिप्ट होती. ती एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे अशीच येत गेली होती, शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तशी. मूळ कोणी लावलं ते विचारायचं नसतं, दही लागल्याशी मतलब. मीही विचारलं नाही. जिथे कोअरची संख्या लिहायची तिथे एकच्या जागी चार लिहिलं, यंत्र उठलं, लॉगिन आलं, आणि मला मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं.

आता मामंजींबद्दल. माझे सासरे. त्यांचे वडील परभणीकडची शेती भावांवर सोपवून निजामाच्या काळातच हैदराबादला आलेले. मामंजी पाचवीपर्यंत उर्दू शाळेत, पुढे इंग्रजीत शिकले, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून तिथूनच निवृत्त झाले. मराठी बोलतात घडाघडा, तीही अशी की पुण्याहून माझी आई आली की पहिले दोन दिवस नुसती हसतमुखानं मान डोलवते. मराठी वाचतात मात्र बोट ठेवून. इंग्रजी छापील काहीही दिसलं की वाचून काढल्याशिवाय सोडत नाहीत, औषधाच्या बाटलीतला घडी घातलेला कागदसुद्धा. सासूबाई गेल्यानंतर त्यांची सकाळ फार लांबायला लागली होती. नवरा आठ वाजताच शहराच्या पार दुसऱ्या टोकाला ऑफिसला जायचा, मी नऊला निघायचे.

यंत्र उठलं की आपोआप चेकपॉइंट निघावा अशी सोय स्क्रिप्टमध्ये होती, पण ती दर दोन दिवसांनी रुसायची. म्हणून मी जुना लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर लॅबच्या सर्व्हरला जोडून ठेवायला लागले आणि मामंजींना म्हटलं, "या काळ्या पडद्यावर ओळी येत राहतील. शेवटी 'लॉगिन' असा शब्द आला की मला फोन करा." खरं तर हे मी त्यांना गुंतवायला म्हणून केलं, आणि थोडं माझ्या सोयीसाठी. थोडं नाही, बरंच.

ते काम त्यांना इतकं मानवलं की सांगता सोय नाही. लिनक्स उठताना आपण काय काय करतो आहोत ते ओळीओळीनं सांगत असते. खऱ्या संगणकावर त्या ओळी इतक्या वेगानं सरकतात की त्या वाचायच्या असतात हेच आम्ही विसरून गेलो आहोत. सिम्युलेटरमध्ये त्या एकेक करून, चहाचा घोट घेत वाचता येतील अशा चालीनं येतात. जगात त्या ओळी नीट वाचणारा एवढा एकच माणूस असेल. दोनशे पानी वही घेऊन ते टेबलाशी बसायचे आणि शेजारी वेळ लिहून महत्त्वाची वाटेल ती ओळ उतरवून घ्यायचे. मी तिसरा तास घेत असताना फोन वाजायचा. "आली अम्मा, लॉगिन आली. अकरा बेचाळीस." सुनेला अम्मा म्हणणं ही हैदराबादची रीत, पण वर्गातली मुलं हसायची. मीही हसायचे.

एका सकाळी मी डबा भरत असताना ते वही घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"अम्मा, एक मालूम करायचं होतं. यंत्रात चार हाइत म्हणतीस ना तू?"

"हो, चार कोअर."

"मग हा वर म्हणतो चार, अन् खाली जाऊन उठवतो एकच. ब्रॉट अप, वन सीपीयू. बाकीचे तीन कामून उठवत नाही?"

मला उशीर झाला होता, पोळ्या व्हायच्या होत्या, आणि आदल्या दिवशी स्क्रिप्ट पुन्हा रुसली होती. पण ही सगळी कारणं मी आज देते आहे. त्या क्षणी मला फक्त राग आला. मी मागे वळूनही न पाहता म्हणाले, "मामंजी, तुम्ही फक्त लॉगिन बघा. त्यातलं तुम्हाला कळत नाही."

ते "हौ" म्हणाले आणि परत टेबलाशी जाऊन बसले. मी डब्याचं झाकण लावलं.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते, असं तेव्हा वाटत होतं. मोजमापं येत होती आणि प्रत्येक वेळी माझी रीत जुन्या रीतींना मागे टाकत होती. थोडीथोडकी नाही, चांगली दणदणीत. माझ्या गाइड मॅडम तेलुगू, बोलणं मोजकं आणि इंग्रजीत; कौतुक करायचं तर भुवया किंचित उचलायच्या. माझे आलेख बघून त्यांनी भुवया उचलल्या. आम्ही पेपर पाठवला, तो एका परिषदेनं स्वीकारला. प्रबंधाची चार प्रकरणं लिहून झाली. प्रबंध सादर करण्याआधी विभागासमोर जो सेमिनार द्यावा लागतो त्याची तारीख मिळाली. सगळं जूनच्या आत बसत होतं. मी घरात गाणं गुणगुणायला लागले होते, आणि मला गाता येत नाही.

त्याच सुमारास मामंजी सकाळचे बाहेर जायला लागले. ज्या दिवशी यंत्र उठवायचं नसेल त्या दिवशी नऊ वाजता मेट्रोनं जायचे, ते एकच्या सुमारास परतायचे. विचारलं तर "पाय मोकळे करून आलो" म्हणायचे. पाय मोकळे करायला मेट्रो कशाला लागते, असं मी एकदा तिरकस बोलूनही घेतलं.

सेमिनारला तीन आठवडे राहिले होते. रविवार होता. जेवणं झाली, नवरा झोपायला गेला, मी ओटा आवरून बाहेर आले. मामंजी टेबलाशी वही, एक पिवळी पडलेली जाड इंग्रजी पोथी आणि एक छापील कागद अशी मांडामांड करून बसले होते.

"बस अम्मा," म्हणाले. "आता मला थोडं थोडं कळाया लागलं. आता विचारू का?"

ते पुस्तक त्यांनी सुलतान बाजारात जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधून घेतलं होतं. लिनक्सबद्दलचं. ते वाचून अर्धंच कळलं, म्हणून दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरमध्ये जाऊन सकाळच्या बॅचला नाव घातलं होतं. तीन आठवड्यांचा कोर्स. विशीतल्या पोरांच्यात पंचाहत्तरीचा एकच माणूस. तिथले मास्तर त्यांना अंकल म्हणायचे आणि पहिल्या बाकावर पंख्याखाली बसवायचे. छापील कागद म्हणजे तिथलं सर्टिफिकेट होतं. ते त्यांनी मला दाखवायला आणलं होतं, मिरवायला नाही. आता आपल्याला विचारायचा हक्क आहे याचा पुरावा म्हणून.

"यंत्र उठलं की त्याला विचारता येतं म्हणे, तुझ्याकडे कोअर किती," ते म्हणाले. "एकदा विचारून बघ. मी चूक असलो तर वही ठेवून देतो."

मी चेकपॉइंटवरून यंत्र चालू केलं. ते सावकाश जागं झालं. मी तो पाच अक्षरांचा हुकूम टाइप केला आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. उत्तर यायला काही मिनिटं लागली. उत्तर होतं, एक.

लॅबमधल्या स्क्रिप्टमध्ये, यंत्र उठवण्याच्या लांबलचक ओळीच्या शेवटी एक छोटा शब्द होता. जास्तीत जास्त एक कोअर उठव, असा. ज्याचं ते मूळ काम होतं त्याला एकच कोअर लागत होता, त्यानं वेळ वाचवायला तो घातला असणार. त्याची काही चूक नव्हती. मी सिम्युलेटरला चार कोअर बनवायला सांगितलं, त्यानं इमानानं चार बनवले, आणि लिनक्सनं हुकुमाप्रमाणे त्यांतला एक उठवला. बाकीचे तीन सगळ्या मोजमापांत झोपून होते. सामाईक जागा वाटायची माझी रीत, जो काम करत नाही त्याची जागा काम करणाऱ्याला देते. इथे तिघं झोपलेले, त्यामुळे चौघांची जागा एकट्याला मिळत होती. एकाच पाहुण्याला चारही पानांवरचं वाढायचं आणि पंगत छान जेवली म्हणून सांगायचं, असा तो प्रकार. आकडे दणदणीत येणारच.

आणि हे मला दिसलं कसं नाही? तर मोजमापाच्या फायलीत त्या तीन कोअरच्या ओळी रिकाम्या येत होत्या आणि त्यामुळे माझा सरासरी काढणारा प्रोग्रॅम अडकत होता. तो अडकू नये म्हणून रिकाम्या ओळी गाळून टाकायची सोय मी स्वतःच्या हातानं केली होती. विरजण दुसऱ्याचं होतं, पण नासलेल्यावरची साय काढून वाढणारी मीच.

मी मामंजींची वही मागितली. पहिल्या पानापासून यंत्र सदतीस वेळा उठलं होतं. सदतीस वेळा त्यांनी ती ओळ उतरवून घेतली होती आणि तिच्यातल्या 'वन'खाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. मी त्यांना कळत नाही म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशीही मारली होती. मला रडू आलं. ते मामंजींनी पाहिलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

आल्यावर मी विचारलं, "पुन्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की एकदा. तू म्हणालीस, कळत नाही. खरंच कळत नव्हतं ना. नुसतं वाचता येत होतं. कळत नसताना दुसऱ्यांदा कसं बोलायचं?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी फार प्रयत्न केला. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं, मी उलट बोलले असते. पण तो नव्हताच.

सोमवारी आणि मंगळवारी मी कोणाला काही बोलले नाही. माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण ते न लिहिता नुसते आभार मानणं खोटं ठरेल. मनात आलं की हे कळलंय फक्त दोघांना. परीक्षक आलेख बघतात, स्क्रिप्ट बघत नाहीत. सेमिनार देऊन टाकावा, पदवी घ्यावी, नोकरी टिकवावी आणि मग सावकाश सगळं नीट करावं. मामंजींना 'बघते मी' म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. हे आठवलं की अजूनही मान खाली जाते. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी विचारलंसुद्धा नाही, नुसतं जेवताना माझ्या पानात लोणचं वाढलं. त्या लोणच्यानं माझा निकाल लावला. या माणसानं मला खरं सांगता यावं म्हणून तीन आठवडे बाकावर बसून काढले, आणि मी त्याला एका वाक्यात गप्प करायचा हिशेब करते आहे, हे मलाच सोसेना.

बुधवारी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सांगून टाकलं. त्यांनी पेपरची प्रत समोर ओढली. मग म्हणाल्या, "पेपर मागे घ्यायचं पत्र तू लिहितेस की मी लिहू?"

मी म्हटलं, "मी लिहिते."

"दोघींची सही करू," त्या म्हणाल्या. "मीही फाइल उघडून पाहिली नव्हती." आणि मग पहिल्यांदाच त्यांनी मला खुर्ची ओढून दिली आणि चहा मागवला. दोघींना माहीत होतं की जून गेला. त्या दिवशी त्या रागावल्या असत्या तर मी घरी येऊन पीएचडी सोडली असती, इतकी मी काठावर होते. ते त्यांना दिसलं असणार. त्यांचे उपकार मी कसे फेडणार ते मला माहीत नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून. तो शब्द काढला आणि वाटलं की झालं. तर यंत्र दोन कोअर उठवून तिसऱ्याशी येऊन थांबलं. थांबलं म्हणजे तासन् तास थांबलं. ती लिनक्सच जुनी निघाली. नवी आणून, तिच्यातल्या शंभर गोष्टींची हो-नाही ठरवून ती बांधायला सहा आठवडे गेले. चार कोअर एका सकाळी उठले तेव्हा मामंजींनी मला वर्गात फोन केला नाही, मेसेज केला, आयुष्यातला पहिला. त्यात फक्त चारचा आकडा होता. पुढे आणखी एक खोडा निघाला. यंत्र उठवताना सिम्युलेटर सोप्या, वेगवान चालीनं चालवतात आणि मोजायच्या वेळी बारकाव्याच्या संथ चालीवर आणतात. ती चाल बदलली की चौथा कोअर कधी कधी झोपेतच राहायचा. लिनक्सला विचारलं तर ती चार म्हणायची.

तेव्हा मामंजींनी एक्स्चेंजमधली रीत सांगितली. पाळी बदलताना जाणारा माणूस 'सगळ्या लाइनी चालू' म्हणायचा, पण येणाऱ्यानं त्यावर सही करायची नसे. एकेक लाइन उचलून कानाला लावायची, टोन ऐकायचा, मगच वहीत खूण. "तो खोटं बोलतो म्हणून नाही," ते म्हणाले. "त्याला खरंच वाटत असतं की चालू हाय. परेशानी तिथंच असते. लिनक्सला नक्को विचारू. ज्याचं त्याला विचार."

मग मी एक अगदी छोटा प्रोग्रॅम लिहिला. मोजमाप सुरू व्हायच्या आधी तो एकेका कोअरवर बांधून चालवायचा, त्यानं तिथे एक ठरावीक बेरीज करायची आणि आपल्या कोअरचा नंबर सांगून थांबायचं. चौघांची बेरीज आल्याशिवाय पुढे मोजायचं नाही. मोजून झाल्यावर प्रत्येकानं किती काम केलं तेही वेगवेगळं मांडायचं, काही गाळायचं नाही. मी त्याचं नाव 'हजेरी' ठेवलं. प्रबंधातही ते तसंच आहे, रोमन अक्षरांत. हे लिहिताना मला जितका आनंद झाला तितका ते सोन्याचे चार महिने मिळूनही झाला नव्हता.

खरे आकडे आले ते बेताचे होते. माझ्या रीतीनं थोडा फायदा होत होता, काही प्रोग्रॅमना काहीच नाही, दोन प्रोग्रॅमना तर तोटा. ते मी तसंच लिहिलं. जून आला आणि गेला. मी कंत्राटी पदासाठी अर्ज केला आणि त्या रांगेत खुर्चीवर बसले. शेजारी माझीच जुनी विद्यार्थिनी होती. ती मला पाहून उठायला लागली, मी तिला हाताला धरून बसवलं. बसणं वाटलं होतं तितकं कठीण नव्हतं, पण सोपंही नव्हतं.

तोंडी परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत झाली. ती सगळ्यांना खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. बाहेरगावहून आलेले परीक्षक कडक होते. माझं सांगून झाल्यावर त्यांचा पहिलाच प्रश्न आला, "चारही कोअर काम करत होते हे तुम्ही कशावरून म्हणता?" मी हजेरीचा तक्ता पडद्यावर लावला. त्यांनी तो बराच वेळ वाचला. ही तपासणी कोणी सुचवली म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक निवृत्त टेलिफोन एक्स्चेंज कर्मचारी आहेत, त्यांनी. परीक्षकांनी ते लिहून घेतलं.

मग अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे सभागृहाला विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. हे नुसतं म्हणायचं असतं. कोणी विचारत नाही, आणि सगळे चहाकडे वळतात. मागच्या रांगेत एक हात वर झाला.

मामंजी उभे राहिले. त्यांच्या इंग्रजीत, एकेक शब्द जोखून त्यांनी विचारलं, की तक्त्याच्या नवव्या ओळीत चौथ्या कोअरचं काम इतरांच्या निम्मं दिसतं, ते का?

कोणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी मान वळवून नववी ओळ पाहिली. मला उत्तर देता आलं असतं. कामाची वाटणी, वाट पाहण्यात गेलेला वेळ, असे चार जड शब्द माझ्याजवळ तयार असतात, आणि जूनमध्ये गेलेली कायम जागा परत मिळायची तर ती या खोलीतूनच मिळणार होती.

"सर," मी मामंजींकडे बघत म्हणाले, "याचं कारण मला माहीत नाही. ती ओळ मी पाहिली होती आणि तशीच पुढे गेले होते. शोधून तुम्हाला सांगते."

मामंजींनी मान हलवली आणि उभ्या उभ्याच वहीत लिहायला लागले. त्यांना वेळ लागतो. बाहेरगावच्या परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं होतं, पण मामंजींचं लिहून होऊन ते खाली बसेपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांनी माझ्या पदवीच्या शिफारशीवर सही केली.